दफनभूमीतला उपडा दगड वाचायचा आहे (वसई)

बावखलाकाठी यांचा प्रश्न

नमस्कार. मी वसईच्या पश्चिम पट्ट्यातली. मराठी शाळेत ३१ वर्षं शिकवून निवृत्त झाले. आमच्या गावचं चर्च लहान आहे. एकच लांबट दालन, दर्शनी भिंत छपरापेक्षा उंच, डाव्या हाताला एक घंटाघर. मागे दफनभूमी, तीही लहानच. जागा कमी म्हणून काही वर्षांनी कबर उघडून हाडं भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि त्याच जागी पुढच्या माणसाला माती देतात. माझे सासरे त्यांच्या आईच्याच जागेत आहेत.

दफनभूमीच्या कोपऱ्यात एक काळा दगड वर्षानुवर्षं पडून होता. साधारण चार फूट लांब, अडीच फूट रुंद, एका बाजूने तुटलेला. लहानपणी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरींवर मेणबत्त्या लावून झाल्या की आम्ही पोरं त्याच्यावर बसून हाताला चिकटलेलं मेण काढायचो. आता तिथे फरशी बसवायचं काम निघालंय. ठेकेदाराच्या माणसाला तो दगड पायरीसाठी पसंत पडला. त्याने पहार घालून कड उचलली आणि खालच्या अंगाला अक्षरं दिसली. म्हणजे इतकी वर्षं दगड उपडा होता आणि आम्ही त्याच्या पाठीवर बसत होतो.

दगड तसाच सिमेंटमध्ये बसवायचं चाललं होतं. मी हातापाया पडून दोन आठवडे मागून घेतलेत.

अक्षरं रोमन आहेत. वरचा भाग तुटल्यामुळे गेला. शेवटच्या दोन ओळी मी बोटाने चाचपून लिहून घेतल्या. पहिली: ई, डी, ई, एस, ई, व्ही, एस. दुसरी: ई, आर, डी, ई, आय, आर, ओ, एस. त्याखाली कवटी आणि दोन आडवी हाडं. खालच्या कडेजवळ अंगठा जाईल एवढी दोन भोकं. हे लॅटिन आहे का? दगड कुणाचा, किती जुना? आणि मी कमिटीपुढे काय सांगू, की ते पायरीचं काम थांबवतील?

---

जुनी_अक्षरे यांचं उत्तर

ताई, आधी तुमचे आभार. पहार थांबवलीत, हे सगळ्यात मोठं काम झालं.

लॅटिन नाही, पोर्तुगीज आहे. त्या काळच्या कोरक्यांकडे 'यू'साठी वेगळं अक्षर नव्हतं, ते व्हीच कोरत. तुमच्या दोन ओळी जोडून वाचल्या की होतं 'ई द सेउस एर्देयरोस', म्हणजे 'आणि त्याच्या किंवा तिच्या वारसांची'. सबंध वाक्य बहुतेक दगडांवर ठरलेलं असतं: ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची. स्त्री असो वा पुरुष, 'सेउस' तेच राहतं, त्यामुळे एवढ्यावरून बाई की बुवा ते कळणार नाही.

हा दगड मुळात दफनभूमीतला नाही, चर्चच्या आतल्या जमिनीतला असणार. पोर्तुगीज काळात ऐपतदार माणसाला चर्चच्या आतच पुरत, वेदीच्या जितकं जवळ तितका मान मोठा. जागा घराण्याच्या नावाने घेतलेली असे. बाप गेला की दगड उचलायचा, त्याला खाली ठेवायचं, दगड पुन्हा झाकायचा. वीस वर्षांनी मुलगा गेला की तोच दगड पुन्हा उघडायचा. तुमची भोकं त्यासाठीच आहेत, त्यात आकडे अडकवून दगड उचलत. तुमचे सासरे त्यांच्या आईच्या जागेत आहेत म्हणालात ना? रीत तीच, फक्त छपराखालून बाहेर आली.

नमुना हवा तर वसईच्या किल्ल्यातल्या जेझुइटांच्या चर्चमधले दोन लेख सांगतो. डॉ. जेर्सन दा कुन्हा या गोवेकर विद्वानांनी वसईच्या इतिहासावर १८७६ मध्ये लिहिलं, तेव्हा किल्ल्यातले असे लेख नोंदवून ठेवले, म्हणून आपल्याला ते माहीत आहेत. एक इझाबेल द आगियार यांचा: विधवा, या कॉलेजच्या थोर उपकारकर्त्या, मृत्यू २४ जानेवारी १५९१. दुसरा दोना फिलिपा द फोन्सेका यांचा. त्याही विधवा, आणि त्यांच्या दगडावर लिहिलंय की जिवंतपणीच त्यांनी आपलं होतं नव्हतं ते सगळं या चर्चला दिलं. मृत्यू २० जुलै १६२८. किल्ल्याचे कप्तान, तह, लढाया यांच्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. या दोन बायकांबद्दल सांगायला मात्र फरशीतल्या त्या चार-पाच ओळीच आहेत. मला त्या फार मोलाच्या वाटतात.

काळ म्हणाल तर वसई पोर्तुगीजांकडे आली डिसेंबर १५३४ मध्ये, गुजरातच्या बहादूरशहाशी झालेल्या तहाने. चिमाजी अप्पांनी ती घेतली मे १७३९ मध्ये. तुमचा दगड या दोनशे वर्षांतला धरायला हरकत नाही. वरच्या तुटक्या कडेला अजून काही अक्षरांचे पाय उरलेत का ते बघा. 'एफ'ने सुरू होणारा शब्द दिसला तर तो 'फालेसेओ', म्हणजे 'वारला' किंवा 'वारली', आणि त्यापुढे तारीख असते. पी, एन, ए, एम अशी सुटी अक्षरं दिसली तर दगड वाचणाऱ्याकडे एक 'हे आमच्या बापा' आणि एक 'नमो मारिया' अशा दोन प्रार्थना मागतोय असं समजा.

---

चुना_आणि_कातळ यांचं उत्तर

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, म्हणून दगडापुरतं सांगते.

घासू नका. तारेचा ब्रश नको, ॲसिड नको, अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा रंग भरणं तर अजिबात नको. साधं पाणी, नारळाच्या शेंडीचा नरम कुंचा आणि सबुरी. वाचायची वेळ रात्रीची. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाच्या पातळीत, अगदी कडेला टेकवून आडवी धरा. दुपारी न दिसणारी अक्षरं सावलीने उभी राहतात. चारी बाजूंनी प्रकाश टाकून फोटो काढा, एका बाजूने लपलेली रेघ दुसऱ्या बाजूने सापडते.

सिमेंटबद्दल कमिटीला एवढंच सांगा: काळ्या दगडाला सिमेंट एकदा धरलं की दगड फोडल्याशिवाय सुटत नाही. चुन्यात बसवलेला दगड उद्या नातवंडांना सोडवता येतो. पायरी कुठल्याही दगडाची होईल.

आणि ताई, तुम्ही तुमच्या चर्चचं वर्णन दोन ओळींत केलंत, पण ते बांधणं आपल्या भागाचं खास आहे. जाड भिंती ओबडधोबड दगडाच्या, शिंपल्यांच्या चुन्यात रचलेल्या, वरून गिलावा. घडीव दगड फक्त जिथे गरज तिथे: दार, खिडक्या, कोपरे, कमानी. दालनावर लाकडी छप्पर आणि कौलं, दगडी कमानछत असलंच तर वेदीवर. किल्ल्यातली चर्चं आज पाहिलीत तर हे उघड्यावर वाचता येतं. लाकूड गेलं, कौलं गेली, दालन आभाळाला उघडं पडलं, आणि वेदीवरचं छत बऱ्याच ठिकाणी अजून तग धरून आहे. तुमच्या चर्चचा गिलावा कुठे सुटला असेल तर आत शिंपल्याचे पांढरे कण दिसतात का बघा. दिसले तर तिथेही सिमेंटचा हात लावू देऊ नका. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. सिमेंट ती वाट बंद करतं आणि भिंत आतून भुसभुशीत होते.

---

मांडवीपलीकडून यांचं उत्तर

गोव्याहून लिहितोय. ताईंनी 'काळा दगड' लिहिलं आणि राहवलं नाही. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूचं बांधकाम आमच्या तांबड्या जांभ्या दगडाचं आहे, पण दर्शनी भागातलं बारीक कोरीवकाम ज्या काळ्या दगडात आहे तो वसईहून आणलेला. जांभा भोकाभोकांचा, त्यात बारीक अक्षर टिकत नाही. १५९४ ला काम सुरू झालं, १६०५ ला चर्चचं पवित्रीकरण झालं, आणि या सगळ्यासाठी तुमच्याकडचा कातळ गलबतांतून इथवर आला. बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला, तेव्हापासून उघडा जांभा पावसाने झिजतोय. चुना_आणि_कातळ म्हणतात ते शब्दन् शब्द खरं आहे.

पोर्तुगालमध्ये चर्चच्या आत पुरायला १८३५ च्या हुकुमाने बंदी आली. आमच्या चर्चांच्या आवारातल्या दफनभूमी त्यानंतर वाढल्या, आणि आतले दगड कुठे भिंतीला लागले, कुठे अंगणात गेले, कुठे पायरी झाले. तुमचा दगड उपडा सापडला याचं मला नवल वाटत नाही. उलट उपडा पडला म्हणूनच अक्षरं राहिली.

---

नाशिकचा_रामकुंड यांचं उत्तर

फक्त एक पुरवणी. वसईच्या चर्चांमधल्या घंटा १७३९ नंतर देशावर आल्या. आमच्या नारोशंकराच्या देवळावरची घंटा त्यातलीच मानतात, तिच्यावर १७२१ साल आहे. मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावरच्या घंटेवर १७०७. लहानपणी गोदेला पूर आला की आजोबा म्हणायचे, पाणी नारोशंकराच्या घंटेला लागलं म्हणजे महापूर. ती घंटा कुठून आली ते मला नोकरी लागल्यावर कळलं, आणि मग मी मुद्दाम वसईला जाऊन सेंट जोसेफचं रिकामं घंटाघर पाहून आलो. तिथल्या दारावरच्या लेखात १६०१ साली चर्चचा जीर्णोद्धार झाल्याची नोंद आहे, आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांच्या काळात. घंटाघर बघताना जीव हलतो. तुमचा दगड जागेवर राहू द्या, ही विनंती.

---

बावखलाकाठी (प्रश्नकर्ती)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. दहा दिवस लिहिलं नाही, कारण काम चालू होतं.

पहिल्यांदा मिस्टरांना घेऊन किल्ल्यात गेले. घरापासून रिक्षाने पंचवीस मिनिटं, आणि मी सहलीच्या पोरांना घेऊन पंधरा वेळा तरी तिथे गेले असेन, पण जमिनीकडे कधी बघितलंच नव्हतं. फ्रान्सिस्कनांच्या सेंट अँथनीच्या चर्चमध्ये दगडावर दगड आहेत, ढालीची चिन्हं आहेत, मधून गवत उगवलंय. माझ्या दगडासारखीच भोकं दोन-तीन ठिकाणी सापडली. एका दगडावर लग्न ठरलेलं जोडपं फोटो काढून घेत होतं, मुलीचा घोळदार झगा सगळ्या लेखावर पसरलेला. मी म्हटलं, बाळा, जरा बाजूला होतेस का, खाली कुणीतरी झोपलंय. ती दचकून उठली. मग त्यांच्याच फोटोग्राफरने आपला दिवा जमिनीला टेकवून आडवा धरला आणि आम्ही पाच जण गुडघ्यांवर बसून वाचत राहिलो. 'सेपुल्तुरा', म्हणजे कबर, हा शब्द त्या मुलीनेच आधी ओळखला.

मग आमचा दगड. शेजारच्या दोन पोरांनी उताणा करून दिला. तीन संध्याकाळी फक्त पाणी आणि शेंडी. चौथ्या रात्री टॉर्च लावली. जुनी_अक्षरे, तुम्ही म्हणालात तशी तुटक्या कडेला एक अर्धी ओळ आहे. अक्षरांचे वरचे भाग गेलेत, पण खालचे पाय स्पष्ट आहेत. फोटो चारी बाजूंनी काढलेत, सोबत जोडते. मला वाचता येतात ती अशी: व्ही, आय, व्ही, व्ही, ए. हे बरोबर आहे का?

---

जुनी_अक्षरे यांचं उत्तर

फोटो मोठे करून दोनदा पाहिले. बरोबर आहे ताई. 'व्हियुव्हा', म्हणजे विधवा. त्याच्याआधी तुटीला लागून जो टोकदार पाय दिसतो तो बहुतेक 'दोना'मधला शेवटचा ए. नाव त्याच्या वर असणार, ते गेलं. 'दोना अमुक, विधवा, आणि तिचे वारस' असा तुमचा दगड आहे.

---

बावखलाकाठी (प्रश्नकर्ती)

काल कमिटीची बैठक झाली. मी फोटो मोठे छापून नेले होते आणि तुमची उत्तरं वाचून दाखवली. अर्धा तास चर्चा झाली, कुणी म्हणालं किल्ल्यात देऊन टाका, कुणी म्हणालं चर्चच्या आत लावा. फादरांनी विचारलं, अक्षरांना पाऊस लागणार नाही अशी जागा कुठे आहे? शेवटी कोनाड्यांच्या भिंतीलगत, पत्र्याच्या छपराखाली, अक्षरं बाहेर करून उभा करायचं ठरलं. चुन्यात. चुना भिजवायला गावातला एक जुना गवंडी तयार झालाय. हे काम शिकून घ्यायला त्याने नातवालाही बोलावलंय.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या ८८ वर्षांच्या आहेत, सासरे जाऊन त्यांना २२ वर्षं झाली. मी 'विधवा' हा शब्द सांगितल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "नाव नाही सापडलं तिचं?"

म्हटलं, नाही.

"मग २ तारखेला आपल्या मेणबत्त्यांत एक जास्तीची घे."