बाळाचं डोकं एका बाजूने चपटं झालंय, हेल्मेट घ्यावं का?

प्लेनोकर:
मुलगा साडेपाच महिन्यांचा आहे. डोकं मागून उजवीकडे चपटं झालंय. रोज बघून मला कळलंच नव्हतं. परवा आंघोळीनंतर केस ओले असताना वरून फोटो काढला आणि पोटात गोळाच आला. सरळ समांतरभुज चौकोन! उजवा कान डाव्यापेक्षा पुढे सरकलाय, कपाळही त्या बाजूला जरा पुढे.

इथे टेक्ससमध्ये सांगितलं तसं पहिल्या दिवसापासून उताणाच झोपवलाय. क्रिबमध्ये उशी नाही, दुपटं नाही, काही नाही. आणि पठ्ठ्या कायम उजवीकडेच बघतो, कारण खिडकी तिकडे. स्कॅन केलं, सीव्हीएआय (डोकं किती तिरकं आहे त्याचं टक्क्यांतलं माप) ७.४ आला, म्हणजे मध्यम. डॉक्टर म्हणतात, डोक्याला आकार देणारं हेल्मेट घ्या किंवा नका घेऊ, तुम्ही ठरवा. इन्शुरन्सने 'कॉस्मेटिक' म्हणून हात वर केले. म्हणजे तीन हजार डॉलर खिशातून.

आई सोलापूरहून माझ्या बाळंतपणाला आली तेव्हा मोहरीची उशी शिवून घेऊन आली होती. मी ती क्रिबमध्ये ठेवू दिली नाही, त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. आता व्हिडिओ कॉलवर ती काही बोलत नाही, नुसती त्याच्या डोक्याकडे बघते. त्यापेक्षा बोललेली परवडली. कोणी हेल्मेट घातलंय का बाळाला?

कोथिंबीर:
आम्ही घातलं, लेकीला, सहाव्या महिन्यात. तिचं तुझ्या मुलापेक्षा बरंच जास्त होतं, ११ च्या वर. २३ तास घालायचं, एक तास आंघोळीला सुट्टी. ते डोकं दाबत नाही गं, माझा तोच गैरसमज होता. फुगीर बाजूला आतला फोम टेकतो, चपट्या बाजूला जागा मोकळी सोडतात, डोकं वाढतं ते त्या रिकाम्या जागेत. म्हणूनच वाढीचा जोर असेपर्यंतच उपयोग. वर्षाच्या पुढे फारसा अर्थ नाही म्हणतात.

पहिला आठवडा घामाने वाईट गेला. आणि वास! ओल्या मोज्यांचा येतो ना, तस्सा. रोज आतून स्पिरिटने पुसायचं, पूर्ण वाळल्याशिवाय घालायचं नाही. काढल्यावर लाल वळ दिसले आणि तासाभरात गेले नाहीत तर लगेच फोन करायचा. दर दोन आठवड्यांनी जाऊन फोम तासून घ्यायचो. चार महिने चाललं. फरक पडला, पूर्ण गोल नाही झालं. तिला काहीच त्रास नव्हता. रात्री कुशीत घेतली की माझ्या हनुवटीवर मात्र टक्कन आदळायचं.

फिजिओ_नाशिक:
हेल्मेटच्या आधी एक विचारते. 'कायम उजवीकडे बघतो' ते खिडकीमुळेच, हे कशावरून? डावीकडे खुळखुळा वाजवा. हनुवटी खांद्यापर्यंत नेतो का बघा. मध्येच अडकून अख्खं अंगच वळवत असेल तर मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो, टॉर्टिकॉलिस. तो सोडवला नाही तर हेल्मेट घालूनही बाळ त्याच बाजूवर पडून राहणार. मान कशी ताणायची ते समोर बसून शिकून घ्या, व्हिडिओ बघून करू नका.

कवटीच्या हाडांमधली शिवण वेळेआधी जुळलेली नाही, हेही डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. ते वेगळं दुखणं, त्याला ऑपरेशन लागतं. कान आणि कपाळ पुढे सरकलंय म्हणता, ते झोपण्यामुळे होणाऱ्या चपटेपणाशी जुळतं.

आणि आईंना राग येईल, पण उशीबाबत तुमचंच बरोबर. अमेरिकेच्या एफडीएने २०२२ मध्ये डोक्याला आकार देणाऱ्या उशांबद्दल गुदमरण्याच्या धोक्याचा इशारा दिलाय. उताणंच झोपवा. जागा असताना मात्र पालथा टाका, दिवसातून जितक्या वेळा जमेल तितक्या.

हॉलंडचा_बाबा:
आम्ही नाही घातलं. इथे नेदरलँड्समध्ये याच गोष्टीवर चाचणी झाली होती, २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. ८४ बाळं, पाच-सहा महिन्यांची, मध्यम ते तीव्र चपटेपणा. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एकाला हेल्मेट, दुसऱ्याला काहीच नाही. दोन वर्षांची झाल्यावर पूर्ण बरी झालेली २६ टक्के आणि २३ टक्के. फरक नाहीच म्हणायचा. पण अगदी टोकाची आणि मान आखडलेली बाळं त्यात घेतलीच नव्हती, तेव्हा कोथिंबीर, तुमच्या लेकीला ते आकडे लावू नका.

आमच्या पोराचं आजही न्हाव्याकडे बारीक केस केले की कळतं. एरवी कोणाच्या लक्षातही येत नाही. शाळेत त्याला चिडवतात ते मराठी आडनावावरून.

प्लेनोकर:
सगळ्यांचे आभार. फिजिओताई, खुळखुळा वाजवला. डावीकडे अर्ध्यावर अडकतो आणि खांदाही सोबत येतो! सोमवारची अपॉइंटमेंट मिळाली आहे. क्रिबमध्ये त्याचं डोकं आता दुसऱ्या टोकाला करतेय, म्हणजे खिडकी डाव्या हाताला आली. महिन्याने परत स्कॅन, हेल्मेटचं तेव्हा ठरवू.

आईला डावीकडून मोठ्याने हाका मारायच्या ड्यूटीवर लावलंय, फोन त्या बाजूला उभा करून. उत्साहात आहे.

कोथिंबीर, स्पिरिटने पुसल्यावर वाळायला किती वेळ लागायचा? आंघोळीच्या त्या एका तासात व्हायचं का? विचारून ठेवते.