मदत हवी आहे: आईच्या कमरेखालच्या एसआय जॉइंटमध्ये इम्प्लांट बसवावेत का?

सेलूकर

नमस्कार मंडळी. धागा आईसाठी काढतोय. वय ५८, राहणार परभणी जिल्हा, घरी शेती. चार वर्षांपूर्वी तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, एल-फोर एल-फाइव्हला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याला, स्क्रू आणि रॉड आहेत. पायातल्या मुंग्या गेल्या, त्या ऑपरेशनबद्दल काहीच तक्रार नाही.

गेल्या वर्षापासून दुखणं दुसऱ्याच जागी सुरू झालंय. उजव्या बाजूला, कमरेच्या खाली, पाठीला खळगी पडते तिथं. कुठं दुखतं विचारलं की बरोबर त्याच जागी एक बोट ठेवते. एसटीची पायरी चढताना, खुर्चीतून उठताना, झोपेत कूस बदलताना कळ येते. मांडीच्या मागून उतरते, पण गुडघ्याखाली जात नाही. खुरपायला बसणं तर बंदच झालंय.

गावात निदान केव्हाच झालं: 'मणक्यात गॅप'. आमच्याकडं कंबर दुखली की गॅपच असतो, दुसरा आजार मंजूरच नाही.

संभाजीनगरला एका सर्जनना दाखवलं. ते म्हणाले, हा मणका नाही, एसआय जॉइंट आहे, म्हणजे माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी आणि खुब्याचं मोठं हाड यांच्यामधला सांधा. त्यात टायटॅनियमचे तीन इम्प्लांट बसवून सांधा पक्का करायचा. चीर लहान, दोन दिवसांत घरी. खर्च तीन लाखांच्या पुढे. एमआरआयमध्ये सांध्याचं विशेष काही आलेलं नाही, त्यामुळे माझा जीव अडकलाय. फोटोत काही दिसत नसताना लोखंड कशाला घालायचं? ज्यांना अनुभव किंवा माहिती आहे त्यांनी प्लीज लिहा.

मांजराकाठ

आधी गरम तेलानं चोळून बघा दादा. आमच्या मामाचं त्यानंच गेलं.

फिजिओताई_लातूर

मामांचं गेलं हे छानच, पण इथं दुखणं वर्षभराचं आहे आणि पाठीत आधीचे स्क्रू आहेत.

सेलूकर, एमआरआय साफ आला म्हणून सर्जन चुकलेत असं धरू नका. सांध्याला सूज आली असेल तर एमआरआयमध्ये कळते. नुसता ताणाने दुखणारा सांधा पुष्कळदा नॉर्मलच दिसतो. उलट काकूंनी एक बोट ठेवून दाखवणं, गुडघ्याखाली न उतरणं, कूस बदलताना कळ येणं, हे सगळं एसआयकडेच बोट दाखवतंय. कमरेचे मणके जोडल्यावर वाकण्या-वळण्याचा भार खाली या सांध्यावर येतो, त्यामुळे काही पेशंटना पुढे हा त्रास होतो.

तपासायच्या पाच ठरलेल्या पद्धती आहेत. पेशंटला उताणं, कुशीवर आणि पालथं झोपवून सांध्यावर वेगवेगळ्या दिशांनी दाब देतात. तीन किंवा जास्त वेळा नेमकं 'तेच' दुखणं जागं झालं तर संशय पक्का होतो. सर्जननी हे केलं होतं का? आणि व्यायाम, सांध्याचा पट्टा असं काही झालंय का? तो पट्टा पोटावर बांधायचा नसतो, खुब्यांच्या भोवती खाली येतो. निम्मे पेशंट तो कमरेवर बांधून माझ्याकडे येतात आणि म्हणतात फरक नाही.

सेलूकर

पायाची घडी करून दाबलं होतं, बाकी आठवत नाही. पट्टा आहे, पोटावरच बांधतोय! व्यायाम मोबाइलवर बघून.

भूल_नांदेड

मी भूलतज्ज्ञ आहे, पेन क्लिनिक चालवतो. मुख्य प्रश्न कुणीच विचारला नाही: तपासणीचं इंजेक्शन दिलं का?

सी-आर्म नावाच्या फिरत्या एक्स-रे यंत्राखाली सुई थेट सांध्यात नेऊन थोडंसं बधिर करणारं औषध सोडतात. पुढचे काही तास पेशंटने नेहमी दुखतात त्याच हालचाली करून बघायच्या. दुखणं निम्म्याहून जास्त कमी झालं तर उगम तिथेच आहे. काहीच फरक पडला नाही, तर सांध्यात कितीही भारी इम्प्लांट घाला, दुखणं दुसरीकडून येत राहणार. सुई अंदाजाने टोचली तर पुष्कळदा सांध्यात जातच नाही, तेव्हा एक्स-रेखालीच द्यायला सांगा.

हे मी माझ्या धंद्यासाठी सांगत नाही. त्रिकोणी टायटॅनियम इम्प्लांटला अमेरिकेत २००८ साली परवानगी मिळाली. पुढे १४८ पेशंटवर तिथे जी चाचणी झाली, तीत ऑपरेशनवाल्यांना बाकीच्यांपेक्षा बराच जास्त फायदा झाला. पण तीत घेतलेच असे पेशंट होते, ज्यांच्या पाचांपैकी तीन तपासण्या जुळल्या आणि इंजेक्शनने दुखणं निम्मं तरी उतरलं. इंजेक्शन वगळायचं आणि निकाल मात्र त्या चाचणीचा सांगायचा, हे मला पटत नाही. शिवाय चाचणीचा खर्च इम्प्लांट बनवणाऱ्या कंपनीचा होता, तेही लक्षात असू द्या.

हा सांधा मुळात दोन-चार अंशच हलतो. तीन कोपरे असल्यामुळे इम्प्लांट कुदळीच्या दांड्यातल्या पाचरीसारखा बसतो, जागेवर फिरत नाही. पृष्ठभाग खरबरीत असतो, त्यावर हाड वाढतं, पण त्याला महिने लागतात. ५८ वय आहे तर हाडांची घनता, म्हणजे डेक्सा, आधी करून घ्या. हाड ठिसूळ असेल तर इम्प्लांट सैल होऊ शकतो. जवळून पायाकडे जाणाऱ्या नसा आहेत. एखादा इम्प्लांट जास्त आत गेला तर पायात कळा येतात आणि पुन्हा उघडावं लागतं. क्वचित होतं, पण विचारून ठेवा.

मधला एक पर्यायही आहे. सांध्याची वेदना वाहून नेणाऱ्या बारीक नसा रेडिओफ्रिक्वेन्सीने, म्हणजे रेडिओलहरींच्या उष्णतेने, जाळतात. बऱ्याच जणांना सहा महिने ते वर्षभर आराम पडतो, नंतर पुन्हा करता येतं.

गोठ्यातला_डॉक्टर

मी जनावरांचा डॉक्टर, तरी बोलतो. घरी गुरं आहेत का? मध्ये एखादी गाय-म्हैस गाभडली होती का? कच्चं दूध पोटात जातं का? ब्रुसेला, म्हणजे गुरांचा गर्भ पाडणारा जंतू, माणसात शिरला की एसआय जॉइंट धरू शकतो. संध्याकाळचा ताप, घाम, वजन उतरणं असेल तर रक्ताची तपासणी करा. टीबीही तिथं बसू शकतो. अशात इम्प्लांट घालणं म्हणजे भलतंच.

सेलूकर

बापरे, हे कुणीच विचारलं नव्हतं. दोन म्हशी आहेत. गेल्या उन्हाळ्यात एक गाभडली होती, तिची वार (प्लॅसेंटा) आईनेच हाताने काढली. ताप नाही, वजन तेवढंच आहे. तरी रक्त तपासून घेतो.

उमरगेकरीण

माझं झालंय, डावी बाजू, दोन वर्षं होत आली. इंजेक्शननं चांगला फरक पडला तेव्हाच सर्जन तयार झाले. दोन दिवसांत घरी हे खरं, पण घरी आल्यावरचं कुणी सांगत नाही. महिनाभर वॉकर, त्या पायावर पूर्ण भार नाही. घरात कमोड नसेल तर आधी खुर्चीचा बसवा, उकिडवं बसणं बराच काळ बंद. जिना असेल तर खाट खाली आणा. आणि ऑपरेशन सोयाबीन काढणीच्या तोंडावर ठेवू नका, बाई माणूस ऐकत नाही, उठतेच.

दुखणं पूर्ण गेलं नाही. दहातलं आठ होतं ते दोन-तीनवर आहे. बसून भाकरी थापते, लांबचा प्रवास करते. खुरपं मात्र सुटलं ते सुटलंच. तेवढ्यासाठी करणार असाल तर काकूंना आधीच खरं सांगा.

सेलूकर

सगळ्यांचे आभार. आजपासून पट्टा खाली. सर्जनना फोन केला होता, इंजेक्शन द्यायला त्यांची ना नाही, 'तुम्ही म्हणता तर करू' म्हणाले. त्याआधी ब्रुसेला आणि डेक्सा उरकतो. आता दोनच गोष्टी हव्यात: परभणी-नांदेडकडं सी-आर्मखाली हे इंजेक्शन सरकारी दवाखान्यात होतं का, आणि एसआयचं ऑपरेशन महात्मा फुले योजनेत कुणाला मंजूर झालंय का? झालं असेल तर कागदावर ऑपरेशनचं नाव काय लिहिलं होतं तेवढं सांगा.