हनीबेरी: उताराची चिकणमाती, उणे ३० चा हिवाळा, जाती आणि आच्छादन कसं ठरवावं?

उतारवाफा:
जमीन हलक्या उताराची, माती चिकण, सामू (pH) साधारण ६.५. हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांपर्यंत जातो. नांगरट आणि फवारणी टाळून हनीबेरीची (थंड प्रदेशातलं, निळी खाद्य फळं देणारं झुडूप) आठ झुडपं लावायची आहेत. रोपवाटिकेत 'टुंड्रा' आणि 'इंडिगो जेम' आहेत. परागीभवनाला या दोन जाती पुरतील का? अंतर किती ठेवावं, आच्छादन कशाचं करावं?

रानझुडूप:
नाही पुरणार. दोन्ही जाती कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठाच्या आणि जवळच्या नात्यातल्या आहेत. हनीबेरीला स्वतःचा किंवा सख्ख्या भावंडाचा पराग फारसा चालत नाही. फुलं भरपूर येतात, फळ मोजकंच धरतं. सहा टुंड्रा किंवा इंडिगो जेम घ्या आणि दोन 'अरोरा'. अरोरा त्यांच्याच सुमारास फुलते. ती ओळीच्या टोकाला न लावता मधेमधे लावा.

थंडीची काळजी नको. उमललेलं फूलसुद्धा उणे ७ अंशांच्या आसपासची थंडी सोसतं. अडचण येते ती कीटकांची, कारण एवढ्या गारठ्यात मधमाश्या फारशा बाहेर पडत नाहीत. त्या वेळी काम करतात ते केसाळ भुंगे, म्हणजे बंबलबी. त्यांच्या राण्यांसाठी कुंपणाकडेचं वाळलेलं गवत आणि पालापाचोळा तसाच राहू द्या. बाग चकाचक करण्याच्या नादात हीच जागा आधी जाते.

मातीआड:
चिकणमातीत खड्डा खणून रोप लावलं तर त्यात पाणी साचतं आणि मुळं कुजतात. समपातळीवर उथळ चर काढा आणि त्याची माती खालच्या अंगाला टाकून २०-२५ सेंमी उंच वरंबा करा. लावणी वरंब्यावर, दोन झुडपांत १.२ ते १.५ मीटर. रोप पिशवीत होतं त्यापेक्षा ५-७ सेंमी खोल गेलं तर उत्तम, बुडातून नवे फुटवे येतात.

लावून झालं की ३-४ सेंमी कुजलेलं कंपोस्ट, त्यावर चिकटपट्टी काढलेला ओला पुठ्ठा (कडा १५ सेंमी एकमेकांवर चढवून), त्यावर ८-१० सेंमी लाकडाच्या चिप्स. बुंध्याभोवती थोडी जागा मोकळी ठेवा. चिप्स मातीत मिसळू नका, कुजताना त्या मातीतला नत्र ओढून घेतात. मुळं वरच्या थरातच पसरतात, म्हणून खुरपं चालवू नका. तण हाताने उपटा. पहिली दोन वर्षं कोरड्या दिवसांत पाणी चुकवू नका.

उतारवाफा:
कॉम्फ्री (मोठ्या पानांची, खत-आच्छादनासाठी लावतात ती वनस्पती) अगदी बुंध्याशी लावली तर चालेल का? कापून तिथेच पसरता येईल.

मातीआड:
बुंध्याशी नको. लहान झुडपाला ती सावलीत गाडते, पाण्यासाठीही झगडते. मीटरभर लांब, चराच्या वरच्या कडेला लावा आणि पानं कापून आच्छादनावर टाका. बी न धरणारी जातच घ्या. तिच्या मुळाचा तुकडा राहिला तरी पुन्हा उगवतो, म्हणून जागा आधीच नक्की करा. झुडपांच्या मधे पांढरं क्लोव्हर (जमिनीलगत पसरणारी वनस्पती) चालेल, पण झुडपं रुळल्यावर.

रानझुडूप:
दोन गोष्टी राहिल्या. भर उन्हाळ्यात पानं तपकिरी पडतात, कधी भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) दिसते. फळं उतरल्यानंतरचं हे करपणं झाडाला मारत नाही. त्यावर नत्र ओतू नका, उशिरा आलेली कोवळी फूट थंडीत जळते. छाटणी पहिली तीन-चार वर्षं नको. नंतर हिवाळा सरताना, कळ्या फुगण्याआधी, सर्वांत जुन्या फांद्या बुडापासून काढा, एका वेळी पाव भागापेक्षा जास्त नाही. शेंडे छाटू नका, फळ गेल्या वर्षीच्या फुटीवर येतं.

फळ निळं झालं म्हणजे पिकलं असं नाही. आणखी दोन-तीन आठवडे थांबा आणि एखादं फोडून पाहा: गर हिरवट असेल तर आंबट लागेल, गडद लाल-जांभळा झाला की तोडणी. हे थांबणं पक्ष्यांना मान्य नसतं. फुलं गळल्यावर, फळ निळं पडायला लागण्याआधी चौकटीवर बारीक भोकांची जाळी ताणून बसवा. झुडपावर नुसती टाकली तर पक्षी तीत अडकतात.