मदत हवी आहे: मीटिंग पुढे ढकलली हे इंग्रजीत नेमकं कसं लिहू?

मंडळी, आमच्या टीममधले निम्मे लोक लंडनला आणि निम्मे अमेरिकेत, आणि तारखा बदलल्याचे मेल मलाच टाकावे लागतात. गेल्या आठवड्यात बुधवारची मीटिंग 'मूव्ह्ड फॉरवर्ड बाय टू डेज' असं लिहिलं, मला म्हणायचं होतं शुक्रवार, आपण पुढे ढकलली म्हणतो ना तसं, तर दोघं जण सोमवारीच कॉलवर येऊन थांबले, फार वाईट वाटलं. नंतर कळलं की 'फॉरवर्ड' म्हणजे बरेच जण अलीकडे आणली असं धरतात आणि उशिरासाठी 'पुश्ड बॅक' म्हणतात, म्हणजे आपलं पुढे ते त्यांचं मागे!

तेव्हापासून नवीन वार आणि तारीख दोन्ही लिहिते. 'प्रीपोन' टाळते, ते आपल्याकडचं आहे, बाहेर पटकन कळत नाही. 'टेबल' पण नको, ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ विषय चर्चेला घेणं आणि अमेरिकेत बाजूला ठेवणं. 'अ‍ॅडजर्न' चालू बैठक थांबवताना वापरतात एवढं माहितीये. डिक्शनरीत 'पोस्टपोन', 'डिफर', 'पुट ऑफ' सगळ्यांपुढे जवळपास एकच अर्थ दिलाय, त्यातून काही कळेना.

आता अडलंय ते असं, की नवी तारीख अजून ठरलेलीच नाही आणि क्लायंटला ते नम्रपणे कळवायचंय. तिथे 'पोस्टपोन' बरं की 'डिफर', आणि 'पुट ऑफ' लिहिलं तर आम्ही टाळाटाळ करतोय असं वाटेल का?