दीड लाखाचा ब्युटीचा कोर्स परवडतो का?

मिरजेची वहिनी:
धाकट्या नणंदेची बारावी झालीये. इथली एक अकॅडमी सहा महिन्यांच्या कोर्सचे दीड लाख मागतेय, किट वेगळं. फलकावर ‘शंभर टक्के जॉब’, पण पगार किती विचारलं की मॅडम विषय बदलतात. आमच्याकडे आयब्रो चाळीस रुपयांत होतात हो! पैसे सुटणार कधी?

कोल्हापूरची पार्लरवाली:
स्पष्टच सांगते. नवख्या मुलीला मी महिना आठ हजार देते, हात बसला की बारा. म्हणजे दीड वर्षाचा अख्खा पगार फीमध्येच गेला. नवरीच्या मेकअपला पैसा आहे, पण तो लग्नसराईपुरता आणि ओळखीवर. सर्टिफिकेट मी बघतसुद्धा नाही, हातात दोरा देते. कातडी न चिमटता दोन्ही भुवया सारख्या आल्या की नोकरी पक्की.

आयटीआयवाला:
आधी सरकारी आयटीआय बघा. कॉस्मेटॉलॉजीचा ट्रेड एक वर्षाचा, दहावी पास चालते, फी खासगीच्या मानाने किरकोळ. सगळ्याच आयटीआयत हा ट्रेड नसतो, तेवढं चौकशी करून घ्या. पुढे स्वतःचं काढायचं झालं तर मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात 50,000 पर्यंत कर्ज मिळतं. खुर्ची, आरसा, स्टीमर भागतं.

मिरजेची वहिनी:
आयटीआय बघतेच. पण तिला रील बघून अकॅडमीचंच वेड लागलंय. ताई, सुट्टीत तुमच्याकडे ठेवाल का?

कोल्हापूरची पार्लरवाली:
पाठवा की. पण पहिला महिना झाडू, टॉवेल आणि गिऱ्हाइकांची डोकी धुणं. रील काढायला फोन मिळणार नाही.