मदत हवी आहे: प्रार्थनेच्या विषयाआडून होणाऱ्या चहाड्या कशा थांबवाव्यात?

जय ख्रिस्त मंडळी. आमच्या प्रार्थनागटात शिवीगाळ वगैरे कुणीच करत नाही, प्रश्न वेगळाच आहे. "त्या घरासाठी प्रार्थना करा हं, सुनेचं पटत नाही म्हणे," अशी सुरुवात होते आणि मग बराच वेळ सुनेचाच पंचनामा. प्रार्थना शेवटी दोन वाक्यांत उरकते.

बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात (इफिस 4:29) प्रेषित पौल सांगतो की तोंडातून कुजकं बोलणं निघू नये, ऐकणाऱ्याची उन्नती होईल तेच निघावं. लगेच पुढच्या वचनात पवित्र आत्म्याला खिन्न करू नका असं येतं, म्हणजे विषय किरकोळ नाही. मत्तय 18:15 तर अपराध करणाऱ्या भावाशी आधी एकांतात बोलायला सांगतं. (इथे ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय, त्यालाच पत्ता नसतो!)

अडचण अशी की बोलणाऱ्या ताई वयाने मोठ्या, शिवाय कुणाच्याही अडीअडचणीला सगळ्यात आधी धावणाऱ्या. चारचौघांत टोकलं तर दुखावतील, आणि याकोब 3 मधली, अख्खं रान पेटवणारी जिभेची ठिणगी मीच टाकल्यासारखं होईल.

संबंधित माणसाची परवानगी असेल तरच नाव घ्यायचं, असा नियम कुणी केलाय का? तो टिकला का? आणि ताईंशी एकांतात बोलताना सुरुवात कशी करू, तेवढं नेमकं सुचवा.