मेल्यावर देह कुणाचा? क्रायोनिक्सचे खटले आणि १९८२ चा नियम

अरुण_नाशिक
काल इथे एकाने ठोकून दिलं, "क्रायोनिक्सवाले शास्त्रज्ञांविरुद्ध कोर्टात गेले आणि दर वेळी तोंडघशी पडले." वाचून डोकं फिरलं. क्रायोनिक्स म्हणजे पुढे कधीतरी जिवंत करता येईल या आशेने मेलेल्या माणसाचा देह किंवा डोकं गोठवून ठेवणं. अहो, खटले झाले कुणाशी? डिसेंबर १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात अल्कोर या क्रायोनिक्स संस्थेने डोरा केंट या बाईंचं डोकं गोठवलं. कॉरोनरला, म्हणजे मृत्यूंची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, ते शवविच्छेदनासाठी हवं होतं. धाड पडली, डोकं आधीच हलवलेलं होतं, आणि कोर्टाने ते वितळवायला मनाई केली. मग राज्याचं आरोग्य खातं आडवं आलं. १९९२ मध्ये अपिलात अल्कोरच जिंकली. हरले कुठे?

शास्त्रज्ञांनी वेगळंच केलं. अतिथंडीचा पेशींवर काय परिणाम होतो हे अभ्यासणाऱ्या शास्त्रज्ञांच्या संघटनेने, सोसायटी फॉर क्रायोबायोलॉजीने, १९८२ मध्ये नियम केला: पुन्हा जिवंत होतील या आशेने मृतांना गोठवणाऱ्यांना सदस्यत्व नाही. आपल्याकडे याला वाळीत टाकणं म्हणतात.

नीलिमा_लॅब
शब्द जपून वापरा. वाळीत टाकलेल्या घरच्या मयताला खांदा मिळत नाही. इथे फक्त "आमच्या नावावर हे विकू नका" म्हटलंय.

मी ११ वर्षं आयव्हीएफ लॅबमध्ये आहे. टाकीचं झाकण काढलं की पांढरी वाफ हातमोज्यांवरून खाली ओघळते. आत उणे १९६ अंश. दर सोमवारी पट्टी बुडवून नायट्रोजनची पातळी बघते, वहीत लिहून सही करते. त्या टाकीतल्या भ्रूणांची पुढे झालेली मुलं मी कडेवर घेतली आहेत. पण भ्रूण म्हणजे मोजक्या पेशी. अख्ख्या मेंदूत गोठताना पेशी वाचवणारं द्रावण सगळीकडे पोचत नाही, जास्त घातलं तर विषारी ठरतं, थंड होताना तडे जातात. आणि जोडपी आम्हाला विचारतात, "मॅडम, मेलेली माणसं ठेवतात ते हेच का?"

अरुण_नाशिक
ग्रेगरी फेहींच्या गटाने सशाचं मूत्रपिंड बर्फाचे स्फटिक न होऊ देता काचेसारखं गोठवून परत बसवलं, ससा त्यावर जगला. २००९ मध्ये छापून आलंय. आणि २०१८ मध्ये त्याच सोसायटीची भाषा मऊ झाली, त्याचं काय?

नीलिमा_लॅब
मऊ? त्याच निवेदनात लिहिलंय की ही आशा आहे, विज्ञान नाही. आणि कॅलिफोर्नियातलं चॅट्सवर्थ? १९७९ मध्ये तिथल्या तळघरात गोठवून ठेवलेले देह वितळून कुजलेले निघाले. नातेवाईक कोर्टात जाऊन जिंकले. तेही सांगा लोकांना!

दत्ता_कणकवली
तुमचे ससे राहू द्या. आयोवात एकाने जिवंतपणी अल्कोरला पैसे भरले. २००९ मध्ये तो गेला, भावंडांनी परस्पर पुरला. २०१० मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, उकरायला संमती द्या. माणसाचा शब्द राखला.

माझ्या वडिलांनी देहदानाचा फॉर्म भरला होता. पहाटे गेले. काका म्हणाले, "अग्नीशिवाय गती नाही." मी २१ वर्षांचा, गप्प बसलो. कार्ड त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं. तो शर्ट अंगावर तसाच चितेवर गेला.

सुमती_जो
दत्ता, काकांना गुन्हेगार करू नका. आमच्या आईचं देहदान आम्ही केलं. सुट्टीचा दिवस, कॉलेजात फोन कुणी उचलेना. बर्फाच्या लाद्या बदलत रात्र काढली. गेलेला सुटतो, ती रात्र उरलेल्यांना काढायची असते. मग त्यांना काहीच विचारायचं नाही?

दत्ता_कणकवली
विचारायचं, पण शेवटचा शब्द त्यांचा नाही. आणि नातेवाइकांचं तरी कोण ऐकतं? फ्रान्समध्ये मुलाला आईवडील गोठवून ठेवायचे होते. २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने नाही म्हटलं. त्याच वर्षी फ्रीजर बंद पडला आणि दोघांना जाळावं लागलं.

सुमती_जो
तुम्ही तेव्हा गप्प बसलात, त्याचा राग आमच्यावर काढू नका.

दत्ता_कणकवली
हे बोलायची गरज नव्हती, ताई.

सुमती_जो
नव्हती. चुकलं माझं.

नीलिमा_लॅब
दत्ताभाऊंचं एवढं मान्य: ज्याला गोठवून घ्यायचंय त्याने घ्यावं, घरच्यांनी आड येऊ नये. पण माझ्या टाकीशी त्याचं नातं जोडू नका.

अरुण_नाशिक
"वाळीत" मागे घेतो. नियम चुकीचा होता हे मात्र दहा वेळा म्हणेन. काम तपासा, माणसाला दारातून कशाला हाकलता?

दत्ता_कणकवली
मी माझाही फॉर्म भरलाय. बायको आणि मुलगी, दोघींच्या सह्या घेतल्या. कार्ड खिशात ठेवत नाही, देवघराशेजारी भिंतीला लावलंय. काका अजून आहेत. त्यांना सांगायचं राहिलंय.